टेस्टच्या खुर्चीतला नरेश

नरेशची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावरच भडकलेलो होतो. वाशीच्या हॉलवर लायटी लावून झाल्या होत्या, स्टेजवर नवरीची खुर्ची मांडून झाली होती, आणि त्या खुर्चीत पहिला बसणारा आमचा माणूस गायब. दोनदा फोन केला, उचलला नाही. म्हटलं, नेहमीचंच. जासईहून निघताना कंटेनर आडवा आला म्हणून सांगेल. रागारागात मेसेज टाकला, ‘कुठे मेलास रे?’... दहा मिनिटांनी त्याच्या फोनवरून त्याच्या मेव्हण्याचा आवाज आला. बॅग भरून, बूट घालायला म्हणून नरेश उंबऱ्यावर बसला होता, तो उठलाच नाही. माझा मेसेज त्याच्या बायकोनं, सुगंधावहिनींनी वाचला का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

अठरा वर्षं आम्ही नेरुळला एकत्र स्टुडिओ चालवला. मी साताऱ्याकडचा, तापट. तो जासईचा आगरी, कशानंच न तापणारा. लग्नाच्या फोटोत एक काम आधी करावं लागतं. नवरी येण्यापूर्वी तिच्या जागी कुणाला तरी बसवून उजेड तपासायचा. ती खुर्ची कायम नरेशची. रुमाल पदरासारखा डोक्यावर घ्यायचा, मान खाली घालायचा आणि म्हणायचा, “काढ लवकर, मना लाज वाटते.” मिशीवाली नवरी बघून डेकोरेशनवाली पोरं हसून लोळायची. मी दोन-चार फोटो काढायचो, उजेड जमला की लगेच पुसून टाकायचो. टेस्टचे फोटो कोण ठेवतो? मेमरी कार्डात जागा हवी ना! दर लग्नाला मी नरेशला असा माझ्या अंगठ्यानं पुसत आलो.

त्याचं एक खूळ होतं. फोटो जरा काळाच काढायचा. “जलला तं गेला. कालोखान मात्र सगला असते, काढनारा पायजे,” म्हणायचा. खोटं नव्हतं. पांढरा शालू उजेडात फटफटीत झाला की त्याच्यातली जर परत येत नाही. पण रॉ फाइल असली, म्हणजे कॅमेऱ्यानं पाहिलेलं काहीही न फेकता ठेवलेलं असलं, की सावलीतले चेहरे कॉम्प्युटरवर वर काढता येतात. ते आमच्या तीन सॉफ्टवेअरांपैकी कुठलं चांगलं काढतं, यावर हा बाबा जेवण विसरायचा. एकच काळीकुट्ट फाइल तिन्हींत उघडायची, फोटोतल्या मागच्या पडद्याच्या कोपऱ्यातली एक चुणी मोठी करायची आणि बघत बसायचं. कॉम्प्युटरवर त्या फाइलचा फोल्डरही वेगळा होता, नाव ‘काळोख’. मी वैतागायचो, “अमावस्येचा फोटो काय बघतोस? गिऱ्हाईक बोंबलतंय तिकडे!” तो नुसता हसायचा. त्या फाइलमध्ये आहे काय, हे मी एकदाही विचारलं नाही.

दहाव्याच्या बॅनरवर त्याचा आधार कार्डावरचा फोटो होता, चोरासारखा. बाराव्याला वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भावजी, आख्ख्या दुनियेचं फोटो काढलं त्यांनी, न घरान त्यांचा एक धड फोटो नाय. भिंतीला काय लावू? तुमचे जवल तरी असंल ना?” मी “हो, बघतो” म्हणालो. आठ दिवस सगळ्या हार्डडिस्क उलट्यापालट्या केल्या. हजारो नवऱ्या सापडल्या, त्यांच्या मावश्या-आत्या सापडल्या, जेवणाच्या पंगती सापडल्या. नरेश कुठेच नाही. एका फोटोत त्याचा कोपर होता. त्या कोपराकडे बघून मी रडलो, खोटं कशाला सांगू.

शेवटी ‘काळोख’ उघडला. काळी चौकट. तो शिकवायचा तसा सावलीचा पट्टा हळूहळू उजवीकडे सरकवला... आधी मागचा पडदा आला, मग खुर्चीची दांडी, मग रुमाल. रुमालाखाली मिशी. कधीतरी टेस्ट घेताना माझा फ्लॅश पेटला नव्हता, आणि तो काळा फोटो त्यानं मी पुसायच्या आत स्वतःच्या कामाला उचलून ठेवला होता. मी शेजारच्या टेबलावर बसून अमावस्या म्हणत होतो ती हीच. फोटोत तो माझ्याकडेच बघून हसत होता, गधडा.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासारखा बसलो. तीच फाइल तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये काढली, तीन प्रिंट घेतल्या आणि जासईला गेलो. पहिल्यात चेहरा उजळला होता, पण रंग जांभळट, आजाऱ्यासारखा. वहिनींनी तो उलटा ठेवला. दुसरा माझ्या मते सगळ्यात स्वच्छ, काळोखातून काढताना उमटणारा एक दाणाही दिसत नव्हता, गाल गुळगुळीत. त्यांनी तो खिडकीशी नेऊन बघितला. “यो पोरगा कोन हाय, भावजी?” तिसरा फुकटातल्या सॉफ्टवेअरचा, सगळीकडे वाळू सांडल्यासारखा. मी तो द्यायलाही लाजत होतो. त्यांनी त्याच्या गालावर बोट फिरवलं. “यो हाय त्यांचा. गाल असाच खरखरीत व्हता...” रुमाल कापायचा का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाल्या. आता जासईच्या भिंतीवर, हाराखाली, नरेश डोक्यावर पदर घेऊन हसतोय.

परवा बेलापूरला लग्न होतं. लायटी लावल्या, खुर्ची मांडली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडातून गेलं, “बस रे नऱ्या.” डेकोरेशनवाली पोरं हातातलं काम टाकून वळून बघायला लागली. जुनीच होती ती, नरेशला ओळखणारी. त्यातला कुणीही बसला असता, पण मी कुणाला म्हटलं नाही. रिकाम्या खुर्चीचाच फोटो काढला. उजेड बरोबर होता. सवयीनं अंगठा पुसायच्या बटनावर गेला. पुसायचं का, कॅमेऱ्यानं विचारलं.

मी ‘नाही’ दाबलं.