आजींचं खरं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या एक जपानी आजी पुण्यात आठवणी सांगायला आल्या होत्या आणि मी त्यांचा दुभाषी होतो. समोरचा पाण्याचा पेला हळूच दूर सारत त्या म्हणाल्या, “भाजलेली माणसं पाणी मागत होती. माझ्याकडे पाणी होतं, तरी मी पळाले.”

लोकांना त्या वाईट वाटू नयेत म्हणून मी मराठीत सांगून टाकलं, “आजींनी सगळ्यांना पाणी पाजलं.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“टाळ्या कशाला रे?” आजी गोंधळल्या.

“तुमच्या धीराला, आजी.”

आयुष्यभर मनावर ओझं होऊन राहिलेली कबुली अखेर पोचली, असं त्यांना वाटलं असेल. ती माझ्यापाशीच अडली. त्या सभागृहातल्या माणसांना त्यांचं खरं वाक्य सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.