मातीचा ताप बघणारे तात्या

"आज फार उकडतंय" असं तात्यांसमोर म्हणायची सोय नव्हती. "आजचं काय घेऊन बसलीस? एका दिसानं काय कळतंय गं?" असं म्हणून ते समोरच्याला गप्प करत. वर्षानुवर्षं हवा मोजणारा हा माणूस हवेच्या गप्पा मात्र कधी मारत नसे.

दहिवलीच्या पुढे आमचं गाव. तात्या माझे शेजारी. आपल्या भातशेतीच्या कडेची थोडी जागा त्यांनी एका संशोधन संस्थेला वापरायला दिली होती. तिथे झडपांची पांढरी लाकडी पेटी, आत दोन तापमापक. एक कोरडा, दुसऱ्याला मलमलीची ओली वात. घामेजल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं, तसा ओल्याचा आकडा बहुधा कोरड्याच्या खाली असायचा. दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळे. शेजारच्या उघड्या जमिनीतही तापमापक रोवलेले होते. रोज सकाळी आकडे घेऊन तात्या ते फोनवर कळवत. गावाने त्यांना 'ओले-सुके तात्या' करून टाकलं होतं, आणि त्यांना ते आवडतही असावं.

त्या जमिनीवर ते गवताचं पातं उगवू देत नसत. आजूबाजूचं काही बदललं की मागचे आकडे पुढच्यांशी जुळत नाहीत, मग सगळं मुसळ केरात, असं ते म्हणत. काकूंनी हौसेने तिथे मोगरा लावला, तर तो त्यांनी हलक्या हाताने काढून परसात नेऊन लावला. "सवत आणली, ती पण लाकडाची," काकू म्हणाल्या आणि त्यांनी अबोला धरला. काकू गेल्यावर त्या मोगऱ्याला तात्याच पाणी घालत.

एवढा अट्टहास कशासाठी? आमच्याकडे भात कापलं की शेतात वाल टाकतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही, जमिनीच्या ओलीवरच येतो. अलीकडे तो फुलावर येण्याआधीच माना टाकू लागला. लोक बियाण्याला शिव्या देत. "बी बिचारं काय करंल? माती तापतेय, ओल धरत नाय," तात्या म्हणत. "पण माझ्या नुसत्या बोलण्याला कोण विचारतो? एकाच जागेवरचं मोजमाप पायजे, न तुटलेलं." ते मोजमाप हीच त्यांची आयुष्याची कमाई होती.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीने त्यांना मोहोपाड्याला नेलं. आकडे घ्यायचं काम पुतण्याकडे, सुभाषकडे आलं. त्याचे वडील लवकर गेले, त्याला तात्यांनीच वाढवलेलं. आता तो सरपंच. चुलत्याचा सत्कार करावा, आणि तो त्याच जागेवर, असं त्याच्या मनाने घेतलं. तात्या परतले तेव्हा उघड्या जमिनीवर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले होते आणि वर निळ्या पत्र्याची शेड होती. मातीतले तापमापक सुभाषने जपून काढून, पुसून ठेवले होते. पेटी शाबूत म्हणजे काम शाबूत, अशा समजुतीने पेटीतले आकडे तर त्याने एकही दिवस चुकवले नव्हते.

सत्काराच्या वेळी तात्या त्याच ब्लॉकांवर उभे राहिले. मग त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला.

"कसं वाटलं, तात्या?" सुभाषने विचारलं.

"बेस केलंस रं बाबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेला फोन लावला तेव्हा मी तिथेच होते. "जागा गेली साहेब. यापुढचं मागच्याला जोडू नका."

"उखडून टाकू की," मी म्हटलं.

"खाली खडी-सिमेंट दाबलंय. ती माती आता पयल्यासारखी होणार हाय का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुभाषला यातलं कायबी कळू द्यायचं नाय. जीव लावून केलंय त्यानं. कळलं तर जलमभर झुरंल. मी सांगतो, डोळे गेले, आकडे दिसत नाय."

ऑपरेशन तर उत्तम झालं होतं. पण त्या दिवसापासून तात्यांनी चारचौघांत पेपर उघडला नाही. मी वाचून दाखवायची. एखादी ओळ सुटली की शेजारून डोकावून हळूच म्हणायचे, "मधलं राहिलं गं." सुभाष आला की त्याचा हात धरून त्या पेव्हरवरून चाचपडत चालायचे. एरवी मला हसू आलं असतं.

या वैशाखात तात्या गेले. दहाव्याला नदीवरून परतल्यावर सुभाष माझ्या पडवीत येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"डाक्टरनं डोळे घालवले गं तात्यांचे. एवढं सजवलं त्यांच्यासाठी, धड बघता पण नाय आलं त्यांना."

"बघितलं रे त्यांनी," मी म्हटलं. "सगळं बघितलं."