चोळीला दिलेल्या सहा सिटिंग

सहावी सिटिंग संपली. मी मशीन बंद केलं आणि हिराबाईंना हात वर करायला सांगितलं. हात खांद्याच्या उंचीला आला आणि तिथेच थरथरत थांबला. पहिल्या दिवशीही तो तिथेच थांबला होता. भिंतीवर माझी पेन्सिलीची खूण होती, त्यामुळे स्वतःची समजूत घालायलाही जागा नव्हती.

"बाय, तुजी मशीन चालू तरी हाय कं?" हिराबाईंनी विचारलं. "आवाज नाय, चटका नाय."

"चालू आहे," मी म्हटलं.

हिराबाई कळव्याच्या. खाडीकाठच्या मिठागरात मीठ वाहायचं त्यांचं काम. तिथे बायका जोडीने काम करतात. भरलेली टोपली एकमेकींच्या डोक्यावर चढवतात. जिचा हात वर जात नाही, तिच्याबरोबर जोडी कोण करणार? त्यांची जोडीदार म्हणजे त्यांची जाऊ, ती त्यांच्यासाठी थांबली होती, पण मिठाची रास उचलायला तीनच आठवडे उरले होते आणि मुकादमाने दुसरी बाई बघून ठेवली होती. खांद्यातली टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, सुजून आखडली होती. जोर लावून हात ओढला तर दुखणं वाढायचं.

टेंभी नाक्याजवळच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात अल्ट्रासाउंड मशीन नवीन होतं. मुंबईहून फिजिओथेरपी शिकून आलेली मीही नवीनच. मशीनला वायरने जोडलेली एक मूठ असते, तिच्या टोकाला रुपयापेक्षा थोडी मोठी धातूची चकती. तिला साउंड हेड म्हणतात. आत स्फटिकाची पातळ पट्टी असते. वीज दिली की ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण मांसातून आत खोल जातो आणि तिथे ऊब आणतो. हेड सतत गोल फिरवत ठेवायचं, एवढंच काम.

डॉक्टरसाहेब दुपारी खोलीत आले. त्यांनी भिंतीवरची खूण पाहिली.

"मिस, डोस बरोबर आहे ना?"

"हो सर."

"मग मशीन तपासा. नाहीतर पेशंटला सरळ सांगून टाकू. उगाच खाडी ओलांडून कशाला येईल ती?"

ते गेल्यावर मी मशीनबरोबर आलेली पुस्तिका काढली. त्यात एक सोपी चाचणी होती. हेड उताणं धरायचं, त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि क्षणभरच करंट सुरू करायचा. जास्त वेळ चालू राहिलं तर स्फटिक तडकतो. मी ड्रॉपरने चार थेंब टाकले आणि नॉब फिरवला.

पाणी उभं राहिलं. मला दुसरा शब्द सापडत नाही. थेंब एकत्र होऊन मध्ये उंच झाले आणि त्यांच्या टोकातून बारीक धुकं उडालं. खोलीत काहीही वाजत नव्हतं. माझ्या मनगटावर गार तुषार आले. मी नॉब बंद केला आणि पुन्हा पाणी टाकलं. तीनदा पाहिलं. लहानपणी देवळात किंवा चर्चमध्ये मोठी माणसं एकदम गप्प का होतात, ते मला कधी समजलं नव्हतं. त्या दुपारी थोडं समजलं.

म्हणजे मशीन ठीक होतं. मग चूक दुसरीकडे होती, आणि ती कुठे असेल याची शंका मला पुस्तिका उघडतानाच आली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं: उघड्या त्वचेवर तेल लावून. मी सहाही वेळा हिराबाईंच्या चोळीवरूनच तेल लावून हेड फिरवलं होतं. एक्स-रे कपड्यातून जातात, मग हे का जाणार नाही, असा मी विचार केला होता. निदान स्वतःला तसं सांगितलं होतं.

शिंप्याकडून खणाचा तुकडा आणला. तो हेडवर ठेवला, वरून तेल लावलं, तेलावर एक थेंब टाकला आणि नॉब फिरवला. थेंब हललासुद्धा नाही. कापडाच्या विणीत हवा असते. जो आवाज मांसातून पार जातो, तो तेवढ्या हवेपाशी अडतो.

मी डॉक्टरसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी कागदांतून मान वर केली.

"म्हणजे सहा सिटिंग तुम्ही चोळीला दिल्यात?"

"हो सर."

"सुधारली का चोळी?" ते परत कागदात बघायला लागले. "पेशंटला तुम्हीच सांगा."

हिराबाई आल्या तेव्हा मी खिडकी लावून घेतली, दाराला कडी घातली आणि वाक्य मनात जुळवून एका दमात बोलले. चूक माझी होती, चोळी काढावी लागेल, कोणी येणार नाही, तुमची तयारी नसेल तर...

हिराबाई तोवर चोळीची गाठ सोडायलाही लागल्या होत्या.

"मग पैल्या दिवशीच सांगायचा ना गो. मना वाटला, तुलाच लाज वाटते. म्हनून मी गप रायले."

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. त्या नकार देतील, असं मी धरून चालले होते.

तेल थेट कातडीवर लावलं. तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "आता ऊब लागते गो. आतमधे, हाडाजवल." मी हेड फिरवत राहिले. माझ्या मुठीत काहीच जाणवत नव्हतं, आणि कातडीखाली, जिथे माझा हात पोचू शकत नाही, तिथे काहीतरी चाललं होतं.

चौथ्या खऱ्या सिटिंगनंतर हात खुणेच्या वर गेला. सातव्या सिटिंगला दंड कानाला टेकला. प्रत्येक सिटिंगनंतर, ऊब असतानाच, मी हाताचा व्यायामही करून घेत होते; त्यामुळे यात व्यायामाचा वाटा किती आणि मशीनचा किती, ते मला सांगता येणार नाही. रास उचलायच्या दिवशी हिराबाई जावेबरोबर मिठागरात होत्या. सुरुवातीला टोपली अर्धीच भरायची, एवढी अट मी घातली होती. ती त्यांनी दोन दिवस पाळली, असं त्यांच्या जावेकडून कळलं.

नवीन बाई पेशंट म्हणून आली की आता मी पहिलं वाक्य तेच बोलते: कपडा बाजूला करावा लागेल, चालेल का? बोलताना अजून कान गरम होतात. पण आतापर्यंत एकीनेही नाही म्हटलेलं नाही.