ठरवून राहिलो

दादाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी पुण्यात कुकर लावत होते. उचलल्या उचलल्या म्हटलं, "काय रे, ठरलं का एकदाचं?" पलीकडे दादा नव्हताच. वहिनी होत्या. "ताई, तुमचे दादा गेले जी..." एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. सकाळी चहा पिता पिता हृदय बंद पडलं म्हणे. प्रमोददादा माझा चुलतभाऊ, पण अमरावतीच्या एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलो आम्ही. याला आता काही आठवडे झाले. रडून झालं. आता नुसता थकवा उरला आहे, आणि माझा तो शेवटचा वैतागलेला प्रश्न.

प्रश्न होता त्याच्या लेकीचा. गौरीची बारावी झाली होती आणि तिला ध्वनिमुद्रण शिकायला पुण्याला यायचं होतं. गाणी बसवायची, रेकॉर्ड करायची, मिक्सिंग करायचं, संगीतातच पुढं जायचं. वहिनींचा विरोध होता. एकुलती एक पोर, परकं शहर आणि असल्या शिक्षणानं पोट भरतं का ही धास्ती. मी दर रविवारी दादाला विचारायची आणि तो दर रविवारी सांगायचा, "ठरवून राहिलो न नीमे. थांब ना थोडी." म्हणजे आमच्या वऱ्हाडीत, ठरवतोय. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

कारण हे उत्तर जुनंच होतं. विशीत असताना दादालाही हेच शिकायचं होतं. पेटी छान वाजवायचा. परतवाड्याच्या लग्नांपासून धारणीच्या शाळेतल्या कार्यक्रमापर्यंत, जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन फिरायचा आणि वाजवण्यापेक्षा साउंडवाल्याशी हुज्जत घालण्यात जास्त रमायचा. पुण्याला मुलाखतीत सरांनी विचारलं, सध्या काय करता? हा म्हणाला, "गाणं शिकून राहिलो." सरांना काही उमगेना. "शिकून कुठे राहिलात?" त्यांनी विचारलं. "अमरावतीले," दादानं सांगून टाकलं. हा किस्सा त्यानं घरी इतक्यांदा सांगितला की शेवटी काकूंनी हात जोडले. तरी प्रवेश मिळाला. काका तयार नव्हते, त्यांच्याशी मी भांडले, अन्नपाणी सोडून बसले, त्यांना वळवलं. त्यानंतर मी नोकरीसाठी पुण्याला आले आणि तिथून फोन करून विचारत राहिले, कधी येतोस? "ठरवून राहिलो." मुदत टळून गेली. प्रमोदला आयुष्यात काही ठरवता यायचं नाही, असं घरादारानं मानून घेतलं. मीही.

मग अकोला. जठारपेठेत एका दुकानावर दोन खोल्यांत संसार आणि तिसरीत स्टुडिओ. भजनी मंडळं यायची. नवरा-नवरीची नावं गुंफलेली लग्नाची गाणी व्हायची. निवडणुका आल्या की ऑटोवरच्या भोंग्यांच्या घोषणा. मला चीड यायची. एवढा तयार कानाचा माणूस आणि करतो काय, तर 'ताई, माई, अक्का'! तो हसायचा. "गावचे लोक गातात, मी घेतो. काय वाईट हाय त्याच्यात?" वाईट काही नव्हतं, पण शेवटच्या काही वर्षांत तो दमलेला दिसायचा, आणि ते मला बघवत नसे.

अकोल्यात तेरवी झाल्यावर वहिनींजवळ बसले होते. तोंडातून निघून गेलं, "सगळा जन्म ठरवण्यातच गेला हो त्याचा." वहिनींनी मान वर केली.

"नाही जी ताई. त्यायचं तवाच ठरलं होतं. लग्नाच्या आंधीच मले सांगतलं त्यायनं. म्हने, नीमाचा फोन आला का मी सांगतो, ठरवून राहिलो. तिले वाटते मी इचार करून राहिलो. मी तं ठरवून... राहिलो. इकडंच. तिनं माह्यासाठी घरात एवढं भांडन केलं, तिले तोंडावर नाही कसं म्हनू?"

इतकी वर्षं पुण्यात काढून माझी भाषा पार पुणेरी झाली, आणि दादाचं हे एकच वाक्य मी वऱ्हाडीत ऐकत बसले! त्यानं बापड्यानं पुणेरीत उत्तर दिलं होतं. राग आला, हसू आलं, आणि मग काहीच येईना. त्याचं राहणं मला पटलं का? नाही. आजही नाही पटत. पण ते त्याचं होतं.

गौरी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मंग आई, माह्यासाठी बाबा कोन्तं ठरवून राहिलो म्हनत होते?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पोरीनं जावं की राहावं, हे त्यानं ठरवलं होतं की तो अजून ठरवत होता... विचारायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी गौरीला पुण्याच्या कॉलेजला स्वतः केलेलं एक रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, तो शेवटचा दिवस. दुपारी तिनं मला दादाच्या स्टुडिओत माइकपुढं बसवलं. "आत्या, बाबाबद्दल काहीही बोला." बाहेर अकोल्याचं ऊन रणरणत होतं आणि मधल्या खोलीतला कूलर घरघरत होता. दादाचा नेम असा, की रेकॉर्डिंग म्हटलं की कूलर बंद. अख्खं भजनी मंडळ घामानं निथळायचं, घरचेही निथळायचे, पण कुणी कुरकुर करायचं नाही. आता कूलरपुढं वहिनी पडल्या होत्या. त्यांना कूलर बंद करू का विचारणं म्हणजे सगळंच विचारणं होतं. गौरी विचारेना. हेडफोन लावून नुसती बसून राहिली.

पलंग करकरला. वहिनी उठल्या, भिंतीच्या आधारानं कूलरपाशी गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. पंखाही बंद केला. घरघर हळूहळू विरत गेली. मग त्या येऊन स्टुडिओच्या उंबऱ्यात बसल्या आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या,

"बोला जी ताई. पोरीचं काम खोळंबून राहिलं."