आत्यानं डोंगरावर ट्रक अडवला

माझ्या आत्यानं मुंबई पहिल्यांदा पाहिली ती पेरू देशाला जाताना.

आज सकाळी धाराशिवला, राहत्या घरी, आत्या गेली. वय झालं होतं. झोपेतच गेली.

फोन आल्यापासून तिचा तो प्रवासच डोक्यात घोळतोय. फॅमिलीत बऱ्याच जणांना अर्धाच माहीत आहे, म्हणून लिहिते.

अनुसया आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. तामलवाडीच्या मेंढपाळाच्या घरातली.
मामा, म्हणजे तिचे यजमान, जनावरांचे डॉक्टर. मराठवाडा महाराष्ट्रात आला त्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबादला सरकारी नोकरीत लागले.

त्यांना एकच मुलगा झाला. बाळू.
तीन वर्षांचा असताना तापानं गेला.

त्यानंतर आत्या बोलायची थांबली.

कामं सगळी करायची. भाकरी, धुणं, पाणी. काही विचारलं तर फक्त मान हलवायची.
घरात बाळूचं नाव कुणी काढायचं नाही, असं न बोलताच ठरून गेलं होतं.

वर्ष असंच गेलं. मग मेंढीपालनाच्या ट्रेनिंगसाठी मामांना पेरूला पाठवायचं ठरलं. पार दक्षिण अमेरिकेत.

माझी आजी त्यांना म्हणाली, "पोरीचं हे असं. परमुलखात कुठं न्हेता तिला? ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ."

मामा म्हणाले, "आई, इथं प्रत्येक दारात तिला बाळू दिसतोय. येऊ द्या माझ्यासंगं."

बोटीचा लांबलचक प्रवास. आत्या खिडकीशी बसून पाणी बघायची. बोलणं नाहीच.

मेंढ्यांचं फार्म होतं खूप उंच डोंगरावर. झाड म्हणून नाही. नुसतं गवत, वारा आणि मेंढ्या.

तिथं गेल्यावर मामांना खोकला लागला. मग दम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ निळे पडले. त्या उंचीवरची हवाच त्यांना सोसली नव्हती.

फार्मचे साहेब जीप घेऊन लांबच्या कळपाकडं गेलेले. जवळ होती फक्त एक म्हातारी मेंढपाळ बाई. तिची भाषा आत्याला येत नव्हती. बाई मामांकडं बघायची आणि हातानं उताराकडं दाखवायची.

खाली. खाली न्या.

आत्याला कळलं. मामांचा हात खांद्यावर घेऊन तिनं त्यांना कसंबसं रस्त्यावर आणलं. लोकरीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक येत होता. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. नऊवारी, त्यावर मामांचा कोट.

ड्रायव्हर उतरला. पोत्यांकडं हात करून त्यानं मान हलवली. जागा नाही.

आणि आत्या बोलली.

"अवो दादा, माणूस मरायला लागलंय माझं. एक लेकरू गेलंय, आता ह्यांना न्हाय जाऊ देणार म्या. पोती काढा ती. खाली न्या आमाला."

वर्षभरात तिच्या तोंडून निघालेलं पहिलं सलग बोलणं. तामलवाडीच्या मराठीत, पेरूच्या ट्रक ड्रायव्हरशी.

मामा हे सांगताना हसायचे आणि मग चष्मा पुसायचे. "मला श्वास घेता येईना, पण ऐकू येत होतं," म्हणायचे. "म्हटलं, आता मेलो तरी चालंल. ही बोलली."

ड्रायव्हरनं खरंच काही पोती उतरवून मागोमाग आलेल्या त्या म्हातारीच्या हवाली केली. मामांना लोकरीवर निजवलं. आत्या त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्या उतारभर बोलत राहिली.

"काय बोललीस गं एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

"बाळूचं. कसा रांगायचा, मेंढराच्या पाठीवर बसायला कसा रडायचा. ह्यांचा डोळा लागू द्यायचा नव्हता ना. दुसरं काय बोलणार?"

रस्ता डोंगराच्या पलीकडं उतरला तो थेट जंगलात. दमट, गरम हवा. झाडं इतकी दाट की दुपारीही सावलीच. जसं खाली जाऊ तसा मामांचा श्वास मोकळा होत गेला.

जंगलाच्या कडेला एका गावात छोटं हॉस्पिटल होतं. तिथं ते बरे झाले. समोरून नदी वाहायची. आत्यानं नदी म्हणजे नळदुर्गची बोरी पाहिलेली, उन्हाळ्यात निम्मी वाळू. हिचा तर पलीकडचा काठ धूसर दिसायचा. ती रोज तिथं जाऊन बसायची आणि येऊन मामांना सगळं सांगायची. पोपटांचे थवे, होडीतून बाजाराला चाललेल्या बाया.

मामा म्हणाले, "आता घरी जाऊ."
आत्या म्हणाली, "आलोयच तर बघून जाऊ."

मग डॉक्टरांना विचारून, फार उंच नसलेल्या एका डोंगरावरचं जुनं पडकं शहर बघायला ते गेले. मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले. छपरं कधीच गेलेली.

तिथं एका घराच्या उंबऱ्यावर बसून आत्या रडली. बाळू गेल्यावर पहिल्यांदा.

"तिथंच का गं?" मी विचारलं.

आत्या म्हणाली, "कुणाचं तरी घर होतं ते. लेकरं असतील त्यांना बी. त्यांच्यासाठी रडणारं कुणीच उरलं न्हाय. मग रडले. त्यांच्यासाठी बी, माझ्यासाठी बी."

परत आली तेव्हा तामलवाडीत आजीचं अंगण माणसांनी भरलं होतं. आत्या जंगल सांगत होती, डोंगर सांगत होती, आणि मधेच सहज म्हणाली, "आमच्या बाळूला लई आवडलं असतं."
आजीनं तिला जवळ घेतलं. त्या दिवसापासून घरात बाळूचं नाव पुन्हा सुरू झालं.

पुढं त्यांना मूल झालं नाही. आम्ही भाचरं मात्र तिच्याच मांडीवर वाढलो.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात भेटायला गेले होते. सहज विचारलं, "आत्या, परत जायला मिळालं तर जाशील तिकडं?"

"व्हय," म्हणाली. "पण ह्यांना घेऊन."

आत्या, सावकाश जा. तुला आम्हा सगळ्या भाचरांचा अखेरचा नमस्कार.