अंगण मागणारे भाऊजी

जपानी भाषेत 'नाही' हा शब्दच नाही, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, आणि ते माझे थोरले दीर निघाले. टोकियोशेजारच्या ग्योतोकुतल्या जुन्या रस्त्यालगतच्या बहुतेक घरांनी त्यांना फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. पण भाऊजींना विचाराल तर त्यांना कुणी नकार म्हणून दिलेलाच नव्हता. "सगळीकडे प्रकरण विचाराधीन आहे," असं ते सांगत. उभी हयात बँकेच्या कर्जमंजुरी खात्यात काढलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य शोभायचंही. फरक एवढाच, की मुंबईत लोक यांच्या टेबलासमोर ताटकळत असत आणि इथे हे लोकांच्या फाटकासमोर.

निवृत्ती जवळ आलेली असताना बँकेने त्यांना टोकियोच्या शाखेत धाडलं. आम्ही आधीपासून ग्योतोकुत होतो, म्हणून त्यांनी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतलं. इथे आलेली आपली माणसं सुटीच्या दिवशी काय करतात ते ठरलेलं आहे. कुणी फुजीचे फोटो काढतं, कुणी गॉल्फ शिकतं, कुणी भारतीय दुकानातून तूरडाळ उचलून आणतं. भाऊजींनी यातलं काही केलं नाही. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात त्यांना मेटल डिटेक्टर दिसला आणि ते तो काखेत मारून, गाडीत सगळ्यांचे गुडघे वाचवत, घरी घेऊन आले. वहिनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, त्याला पहिल्या दिवसापासून 'दांडकं' म्हटलं. दांडक्याने घरातल्या घरात सोफ्याखालची एक कुडी आणि कपाटामागचं लाटणं शोधून काढलं. लाटणं लाकडी होतं, ते यंत्राला नव्हे, भाऊजींना दिसलं; पण ते श्रेय यंत्रालाच देत.

त्यांचा सिद्धांत असा होता. ग्योतोकु हे मुळात मिठागरांचं गाव. पूर्वी इथलं मीठ होड्यांतून राजधानीत जायचं. जिथे मीठ तिथे व्यापारी, जिथे व्यापारी तिथे नाणी, आणि जिथे नाणी तिथे ती पुरून ठेवणारा एखादा तरी शहाणा माणूस असणारच. वहिनींनी हे सगळं भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीचं झाकण बघितलंयत ना? मिठापुढे पत्रा टिकत नाही." भाऊजींनी या आक्षेपाची नोंद घेतली, म्हणजे त्याकडे दुर्लक्ष केलं.

आधी ते नदीकाठच्या बागेत गेले. तिथे त्यांना एक दहा येनचं नाणं आणि एक किल्ली सापडली, आणि कायद्याला धरून चालणारे असल्यामुळे त्यांनी दोन्ही वस्तू कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत नेऊन दिल्या. तिथल्या तरुण पोलिसाने त्यांना खुर्ची दिली, नाण्याची कुठली बाजू वर होती ते विचारलं, नकाशा काढून जागा दाखवायला लावली. बाहेर पडले तेव्हा जेवणाची वेळ टळली होती. शिवाय बागेत खणायला मनाई आहे हेही त्यांना तिथेच, वाकून वाकून सांगण्यात आलं. त्या दिवसापासून भाऊजींनी सार्वजनिक जमिनीचा नाद सोडला. "खासगी अंगणं बरी," ते म्हणाले. "तिथे एकाच माणसाला विचारायचं असतं."

त्या विचारण्यात दुभाष्या म्हणून माझी वर्णी लागली. मी स्टेशनजवळच्या एका कोंबिनीत, म्हणजे अहोरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, दिवसा थोडे तास काम करते, त्यामुळे गल्लीतले म्हातारे-म्हाताऱ्या मला तोंडओळखीने माहीत. भाऊजी सूट घालायचे, टाय लावायचे, वहिनींनी केलेल्या नारळाच्या वड्यांचा डबा घ्यायचे आणि शनिवारी सकाळी घंटा दाबायचे. भाषण त्यांनी पाठ केलेलं होतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'मी संशयित माणूस नाही.' मी त्यांना पुष्कळदा सांगितलं, की भाऊजी, या वाक्यानेच संशय येतो. ते म्हणाले, "अगं, पुस्तकात दिलंय." मग दारातली आजी त्यांच्याकडे बघायची, हातातल्या दांडक्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि दातांतून हवा ओढत म्हणायची, "चोत्तो..."

चोत्तो म्हणजे 'थोडं'. जपानी माणूस मान कलती करून 'थोडं' म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही, की ते प्रकरण संपलं, हे इथल्या शाळेत जाणाऱ्या आपल्या पोरांनाही कळतं. भाऊजी शब्दकोश मानणारे. "थोडं म्हणाली ना? थोडी जागा देणार असेल. नाहीतर थोडा वेळ मागत असेल. आपल्याला घाई नाही." एकदा तर तेच खरं ठरलं. एका आजोबांनी बराच विचार करून त्यांना परवानगी दिली, पण दाराशी ठेवलेल्या कुंडीपुरती. भाऊजींनी बूट पुसले, कानाला यंत्राचे हेडफोन लावले आणि शेवंतीच्या त्या कुंडीभोवती इतक्या गंभीरपणे दांडकं फिरवलं, की आजोबा आत जाऊन आजींना बोलावून आले. कुंडीत काही निघालं नाही. दोन्ही बाजूंनी खूप आभार मानण्यात आले.

इथे कुणी काही दिलं तर परतभेट द्यावी लागते. त्यामुळे वड्यांच्या प्रत्येक डब्यामागे आमच्याकडे टॉवेल, साबण, तांदळाची बिस्किटं येऊ लागली. नकार जितका पक्का तितका टॉवेल जाड. वहिनींचं कपाट भरलं तसे भाऊजी जास्तच आशावादी झाले. "ज्याला संबंध तोडायचे असतात तो टॉवेल देईल का?" असं ते मला विचारत.

त्यांचा सगळा डोळा होता तो कोपऱ्यावरच्या एका घरावर. जुनं लाकडी घर, पुढे अंगण, दगडी दिवा आणि एक मोठं झाड. जपानीत त्या झाडाच्या केशरी, टोमॅटोसारख्या फळाला 'काकी' म्हणतात. घरात ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहत. भाऊजींनी पहिल्याच भेटीत, आपल्याकडच्या रीतीने, कुंपणावरून अदबीने हाक मारली, "काकी!" बाई आत गेल्या आणि पिशवीभर फळं घेऊन आल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा "काकी!", पुन्हा पिशवी. हा माणूस इतक्या लांबच्या देशातून येऊन फळं मागतो, म्हणजे भुकेला असावा, अशी त्यांची समजूत झाली असणार. मी एकदा खुलासा करायला गेले, तर काकी हसल्या आणि आणखी चार फळं घालून गेल्या. अंगणाचा विषय निघाला मात्र, की त्यांचं हसू मावळायचं. त्या झाडाकडे एकदा बघत आणि म्हणत, "चोत्तो..." बाकीच्यांचं चोत्तो सौजन्याचं असे. त्यांचं तसं नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण का, ते मीही कधी विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. बाहेर काकी उभ्या होत्या. चांगले कपडे, हातात मिठाईचा खोका. मला वाटलं, तक्रार आहे. त्या खूप वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दिरांना एक विनंती करायची होती. त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल." मी वर जाऊन भाऊजींना आणि वहिनींना घेऊन आले. काकी खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सांगू लागल्या, आणि मी वाक्यावाक्याने मराठी करत गेले.

त्यांची मुलगी त्यांना तिच्या गावी घेऊन जाणार होती. जागा विकली गेली होती आणि येत्या सोमवारी घर पाडणारी माणसं येणार होती. अंगणात त्यांचा कुत्रा पुरलेला होता. "आमचे यजमान होते तेव्हाची गोष्ट. त्यांनीच त्याला पुरलं. मला बघवेना, म्हणून मी आत बसून राहिले. झाडाखालीच असेल, असं धरून इतकी वर्षं तिथे पाणी ठेवत आले. नेमकं कुठे, ते विचारायचं राहिलं, आणि मग हेही गेले. त्याच्या गळ्यात पट्टा होता, पट्ट्याला पितळी घंटी होती. तुमच्या यंत्राला पितळ कळतं का?"

कळतं, असं भाऊजींनी नुसत्या मानेने सांगितलं. काकी गेल्यावर ते मिठाईचा खोका मांडीवर घेऊन बसले. मग मला म्हणाले, "म्हणजे मी दर खेपेला त्यांच्या कुत्र्याचं थडगं उकरायची परवानगी मागत होतो."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, भाऊजी?"

"माहीत कसं असणार? मी फक्त माझंच विचारत होतो."

वहिनी म्हणाल्या, "आता बसून काय राहिलात? त्या दांडक्याच्या बॅटऱ्या बदला."

रविवारी सकाळी भाऊजी सूट घालूनच गेले. वहिनींनी कुंडीतलं खुरपं आणि सतरंजी घेतली. फाटक उघडंच होतं, तरी भाऊजी बाहेर थांबले. मग काकी आल्या, बाजूला झाल्या आणि स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "दोओझो." म्हणजे, या. ज्या एका शब्दासाठी त्यांनी एवढे टॉवेल जमवले होते तो ऐकून भाऊजी खूश होतील असं मला वाटलं होतं. ते नुसते वाकले आणि आत आले.

झाडाखाली त्यांनी वीत न् वीत जागा पालथी घातली. यंत्र वाजलं की आधी काकींकडे बघायचे, त्यांनी मान डोलावली की गुडघे टेकून उकरायचे. खिळे निघाले, डब्याचं झाकण निघालं, एक चमचा निघाला. चमचा बघून काकी हसल्या; तो हरवला म्हणून नवरा-बायकोत एकदा भांडण झालं होतं. पण घंटी नव्हती. दुपार झाली, भाऊजींच्या विजारीचे गुडघे काळे झाले, वहिनींनी डब्यातून आणलेले पोहे कुणी खाल्ले नाहीत. काकी म्हणाल्या, "पुरे आता. तुम्ही एवढं केलंत." मी ते मराठीत सांगितलं. भाऊजी म्हणाले, "त्यांना विचार, यजमान उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन बसायचे कुठे?"

काकींनी दगडी दिव्यामागची जागा दाखवली. तिथून घराचा पुढचा दरवाजा दिसत होता. तिथे यंत्र बारीक वाजलं. भाऊजींनी खुरपं बाजूला ठेवलं आणि हातांनी माती सारली. आधी गंजलेलं बक्कल आलं, मग हिरवी पडलेली घंटी. ती त्यांनी उचलली नाही. मागे सरकून त्यांनी काकींना जागा करून दिली. वहिनींनी सतरंजी अंथरली, काकींना धरून खाली बसवलं.

काकींनी घंटी तळहातावर घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ओमातासे." हॉटेलात ताट आणायला उशीर झाला की वाढपीही हेच म्हणतो. भाऊजींनी मला खुणेने विचारलं. मी म्हटलं, "फार थांबायला लावलं ना, असं म्हणतायत त्याला." भाऊजी झाडाकडे तोंड करून उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले. काकींनी घंटी आणि ओंजळभर माती चहाच्या एका डब्यात भरली, आणि तो डबा घेऊन त्या दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर गेल्या.

त्यानंतर भाऊजींनी कुणाची घंटा दाबली नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "कुणाच्या अंगणात काय असतं, आपल्याला काय ठाऊक?" पुढे मुदत संपली आणि ती दोघं ठाण्याला परत गेली. दांडकं त्यांनी ज्या दुकानातून आणलं होतं तिथेच नेऊन दिलं. कोपऱ्यावर आता डांबर आहे आणि त्यावर मोटारी उभ्या असतात.

परवा दुकानात गल्लीतल्या एक आजी दूध घ्यायला आल्या. भाऊजींना त्यांनी कधी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. मी मोड परत देत असताना त्यांनी मला विचारलं, "तुमचे ते सुटातले दीर हल्ली दिसत नाहीत?" मी सांगितलं, ते कायमचे भारतात गेले. त्यांनी पाकीट मिटलं. "असं होय," म्हणाल्या. "आमच्या अंगणात यंदा काही लावलं नाहीये. म्हटलं, ते आले तर बघू देत एकदा." आणि दुधाचा खोका दोन्ही हातांत धरून त्या सावकाश दाराकडे निघाल्या.