जाधवकाकूंचा निरोपाचा झगा

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी साडेदहा वाजता जाधवकाकूंनी माझ्या हातात मापाची टेप दिली आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "स्वतःचं माप स्वतः घेतलं की माणूस पोट आत ओढतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला बोलावलं. तू सायन्सवाली, तुला कुणाची भीड नाय."

छाती अडतीस, कंबर चौतीस, दंड बारा. खाकी कागदाच्या कोपऱ्यात मी आकडे तारखेसह लिहिले. तारखेशिवाय नोंद करण्याची मला सवय नाही.

कामोठ्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचे आणि आमचे दार समोरासमोर होते. मी खारघरच्या एका प्रयोगशाळेत पेशींवर पीएचडी करत होते; काकू बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होत्या आणि एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. नवरा गेल्यावर त्याच्याच जागी त्या नोकरीला लागल्या, तेव्हापासून रोज पाचवारी नेसून गेल्या. शेवटच्या दिवशी मात्र घोट्यापर्यंतचा मोरपंखी झगा घालायचा, आणि तोही स्वतः बेतून स्वतः शिवलेला, असा त्यांचा निश्चय होता. "निरोपाला शाल ऑफिसवालेच घालणार," त्या म्हणत. "शालीखाली काय घालायचं ते तरी आमी ठरवू की नाय?"

त्यांची पद्धत सावकाश होती. आधी कागदावर आराखडा, मग तो स्वस्त, जाड्याभरड्या मांजरपाटावर कापून कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर चढवायचा, चुका पुन्हा कागदावर उतरवायच्या. मोरपंखी कापडाला त्याआधी कात्री लागणार नव्हती. मांजरपाट अंगावर असताना त्या आरशात चेहरा कधी पाहत नसत. फक्त सुरकुत्या पाहत. "सुरकुतीवर रागवू नये," असे त्यांचे सांगणे असे. "ती बोट दाखवते. जिकडे बोट, तिकडे कापड कमी." त्यांच्याकडे मी माझ्या मुलाखतीसाठी एक सदराही बेतायला शिकले. कंबर सैल करून मी बाही तशीच ठेवली, तेव्हा त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. "माप वाढलं की चहूकडून वाढतं. कंबरेला इंच दिला तर दंडालाही थोडं द्यायचं. अंग काय एकाच खोलीला रंग काढत नाय."

फेब्रुवारीत मांजरपाट कंबरेवर ताणला गेला. दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून सुरकुत्या पोटाकडे धावत होत्या. काकूंनी कागद कंबरेपाशी चिरला, मध्ये पट्टी चिकटवली आणि आराखडा रुंद केला. बाही मात्र ढगळ झाली होती. तिथे त्यांनी कागदाला घडी घालून टाचणी मारली. "मीच चुकीचं कापलं असणार," त्या म्हणाल्या. कंबर छत्तीस, दंड साडेअकरा, असे मी लिहिले.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या पाटीलबाई भेटल्या. "काय काकू, रिटायरमेंटचं सुख आत्ताच अंगाला लागलं वाटतं!"

"अंगाला कुठं, नुसतं पोटाला लागलंय," काकू म्हणाल्या. दोघी हसल्या. मला हसू आले नाही, आणि का आले नाही, हे तळमजला येईपर्यंत मला सांगता आले नसते.

त्या दोन घास खाऊन ताट सारू लागल्या. पोट भरल्यासारखे वाटते, म्हणाल्या. माझ्या आईने त्यांना ओवा दिला.

मार्चमध्ये, तिसऱ्या फिटिंगला, पहिली पट्टीही अपुरी पडली. काकूंनी तिच्या शेजारी दुसरी चिकटवली, बाहीला आणखी एक घडी घातली. पंख्याच्या वाऱ्यावर तो आराखडा जमिनीवरून उचलला जात होता: मध्ये फुगलेला, बाह्यांशी आक्रसलेला. कागदी आकृतीची भीती वाटणे अशास्त्रीय आहे. मला ती वाटली. कंबर साडेअडतीस, दंड साडेदहा.

"काकू, तुमच्या कापण्यात चूक नाही," मी म्हणाले. "आराखडा पहिल्या दिवशी बरोबर होता. बदलताय तुम्ही. आणि एकाच खोलीला रंग निघतोय."

त्यांची कात्री थांबली. "तुला लॅबमध्ये उंदीर कमी पडले का गं?"

"चरबी असती तर दंडही भरला असता. दंड उतरतोय, पोट वाढतंय. हे जेवणाचं नाही."

"निरोप होऊ दे. मग बघू. उगाच टेन्शन देऊ नको."

"निरोपाची तारीख कार्यालयानं ठरवलीय, पोटानं नाही."

"तुला नवरा मिळायचा नाय," त्या म्हणाल्या आणि टाचण्या डबीत भरू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. पर्स खांद्याला होती. "चल. रिक्षा थांबलीय."

पोटात पाणी साठले होते. ते अंडाशयाच्या कर्करोगाचे होते, आणि तो पसरलेला होता. त्यांचा मुलगा पुण्याहून रजा टाकून आला. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले, केमो सुरू केली आणि आम्हाला एकच खूण सांगितली: औषध लागू पडले तर पाणी पुन्हा भरणार नाही, घेर वाढू लागला, तर ते लागू पडत नाही असे समजा.

त्या आठवड्यात कंबर पुन्हा चौतीस भरली. पाटीलबाई म्हणाल्या, "बघा, कशा सडपातळ झालात!" काकूंनी कागदावरच्या दोन्ही पट्ट्या नखाने सोलून काढल्या, बाहीच्या घड्या राहू दिल्या आणि मोरपंखी कापड कापले. केस गळत होते, हातांना मुंग्या येत होत्या. तरी मशीन त्यांनीच चालवले. मी फक्त सुई ओवून दिली. बाजूच्या शिवणींत त्यांनी दोन-दोन बोटे कापड राखले. एवढे कशाला, असे मी विचारले. त्यांनी पुढची सुई ओवायला सांगितले. झगा अंगावर चढला तेव्हा एकही सुरकुती नव्हती.

पुढची मापे रुग्णालयाने घेतली. पावसाळा संपण्याआधी काकू गेल्या. माझ्याकडची शेवटची नोंद तीस एप्रिलच्या सकाळची आहे. कार्यालयात त्यांच्यासाठी शाल, श्रीफळ आणि भाषणे तयार होती. काकू अजून घरीच, खिडकीचे गज धरून उभ्या होत्या, श्वास तोकडा. झग्याच्या बाजूची चेन अर्ध्यावर अडली होती, आणि तिच्यापासून एक बारीक सुरकुती पोटाकडे निघाली होती. आम्ही दोघींनी ती पाहिली.

"माप घे," त्या म्हणाल्या.

मी टेप फिरवली. पुन्हा फिरवली. "सांगू?"

"नको. मला आज भाषण करायचंय. कागदावर लिही, तेवढ्यात मी शिवण उसवते. वेळ आहे अजून."

त्यांनी उसवणीसाठी ब्लेड उचलले. मी तारीख लिहिली आणि तिच्यापुढे लिहिले: कंबर साडेछत्तीस.